दगडातल्या बाईची फडकी

आमच्या गावाला इतिहास नाही, असं मला शाळेत शिकवलं गेलं. कल्याणच्या शाळेत. इतिहासाच्या सरांनी फळ्याच्या एका टोकाला ठाणे लिहिलं, दुसऱ्या टोकाला कल्याण, दोन्हीकडे किल्ले काढले, खाडीत गलबतं काढली आणि मधल्या जागेवरून डस्टर फिरवत म्हणाले, "मधे नुसती खाजणं आणि मिठागरं. तिथे काही घडलेलं नाही." ज्या जागेवरून डस्टर फिरलं तिथे माझं घर होतं. मी उभी राहिले. म्हटलं, सर, आमच्या तळ्यावर लिहिलेला दगड आहे. सर आधी हसले आणि मग एकदम गंभीर झाले. "तो दगड मी पाहिलाय. मुलींनी त्याच्याबद्दल वर्गात बोलायचं नसतं. बस खाली."

मी खाली बसले. पण त्या दिवसापासून त्या माणसाने काहीही शिकवलं तरी माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

आता सगळं उलटं झालं आहे. आता रविवारी सकाळी डोंबिवलीहून, ठाण्याहून, पार वर्तकनगरपासून मंडळी टोप्या घालून येतात. तळं पूर्वीच्या निम्मंही राहिलेलं नाही, पण आहे. त्याला कठडा आहे, कठड्यावर पाटी आहे, पाटीवर 'ऐतिहासिक वारसा' असं लिहिलं आहे. मंडळी दगडाचे फोटो काढतात आणि मग कोणीतरी माझ्याकडे येतं. "आजी, ते कापड जरा काढता का? खालचं शिल्प दिसत नाही." मी नाही म्हणते. ते समजावतात, की हे शिल्प दुर्मीळ आहे, अभ्यासाचं आहे, लाजण्यासारखं काही नाही. मला लाज वाटत नाही, बाबांनो. तुम्हाला वाटते त्याच्या शतांशानेही वाटत नाही. पण त्या फडकीवाचून ती दगडातली बाई एकदाच, भर दिवसा, सगळ्या गावासमोर राहिली आहे आणि का राहिली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तुमच्या फोटोसाठी फडकी निघणार नाही.

आमचं गाव डोंबिवली आणि ठाकुर्लीच्या मधल्या रुळांवरून उतरून खाडीकडे चालत गेलं की लागायचं. मागे वळून पाहिलं तर ठाकुर्लीच्या वीजघराची चिमणी दिसायची. पुढे भाताची खाचरं, त्यापलीकडे मिठाचे पांढरे ढीग आणि त्यापलीकडे खाडी. चहूकडे पाणी, आणि पिण्यासारखा घोट नाही. विहीर खणली तर मचूळ लागायचं. गोडं पाणी एकाच ठिकाणी, गावच्या तळ्यात. उन्हाळ्यात आजूबाजूच्या पाड्यांवरच्या बायकासुद्धा हंडे घेऊन आमच्याच तळ्यावर यायच्या. गुरं, कपडे, नव्या नवरीचं न्हाणं आणि मेलेल्या माणसाची आंघोळ, सगळं त्या एका पाण्यावर.

तळ्याच्या बांधावर कमरेएवढा दगड उभा होता. वर चंद्र-सूर्य. मधे झिजलेली अक्षरं, जी आम्हाला वाचता येत नव्हती आणि सरांनाही येत नव्हती. आणि खाली एक बाई, आणि तिच्या अंगावर चढलेलं गाढव. लिहिते आहे तर स्पष्टच लिहिते. जुन्या काळच्या कुठल्याशा राजाने गावाला तळं दिलं आणि पुढे कोणी ते बळकावू नये म्हणून शाप कोरून ठेवला: जो हे मोडील त्याच्या आईची ही गत होईल. असे दगड आमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यांना गधेगाळ म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही नुसतं 'बायचा दगड' म्हणायचो.

तळं चोरणार मुलगा आणि भोगणार त्याची आई. हा कुठला न्याय झाला? एवढ्या मोठ्या राजाला, त्याच्या पंडितांना, दगड कोरणाऱ्या कारागिराला, कोणालाच हे सुचलं नाही? आमच्या गावच्या बायकांना सुचलं. केव्हा सुचलं ते कोणी सांगू शकत नाही, पण माझ्या आईच्या आधीपासून, तिच्या सासूच्याही आधीपासून, गावच्या बायका त्या दगडातल्या बाईचं अंग झाकत आल्या होत्या.

त्यासाठी दिवस ठरलेला होता, होळीचा आदला दिवस. शिमगा आला की आमच्याकडे पुरुषांच्या तोंडाला धरबंद नसायचा. धुळवडीला त्यांचं टोळकं ढोल घेऊन दारोदार फिरायचं, नावं घेऊन बोंब मारायचं आणि काय वाटेल ते ओरडायचं. सगळ्या शिव्या फिरून फिरून शेवटी कोणाच्या तरी आईपाशी, बहिणीपाशी यायच्या. म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आधी बायका तळ्यावर जमायच्या, दगड धुवायच्या आणि त्या बाईला नवी फडकी बांधायच्या. फडकी म्हणजे आमच्या बायका लुगड्यावरून पाठीवर आणि खांद्यांवर घेतात ते कापड. नारळ नाही, आरती नाही, हळदकुंकू नाही. ती देवी नव्हतीच मुळी. तिच्यापुढे सोवळंओवळं नव्हतं. विधवा आली तरी चालायचं, बाहेर बसलेली आली तरी चालायचं. झाकून झालं की बायका तिथेच बसून भाजलेले वाल खायच्या आणि पुरुषांची टिंगल करायच्या. वर्षातून एकदा गावातलं सगळ्यात खरं बोलणं त्या बांधावर व्हायचं.

फडकीची गाठ मात्र माझ्या आत्याची असायची.

आत्या म्हणजे माझ्या बाची, वडिलांची, धाकटी बहीण. तिला दिवा स्टेशनच्या पलीकडच्या एका गावात दिली होती. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवऱ्याने तिला आणून आमच्या अंगणात सोडली आणि दुसरी केली. कारण सांगितलं नाही. नवऱ्याने कारण सांगितलं नाही की लोक ते स्वतः तयार करतात, आणि आमच्या गावाने तर चांगली दोन-चार तयार केली. टाकलेली बाई सवाष्णही नसते आणि विधवाही नसते. हळदीला तिला बोलवायचं नाही, ओटी भरायला पुढे करायचं नाही, कोणी कामाला निघालं तर तिने समोर यायचं नाही. आणि शिमग्याच्या बोंबेत मात्र पहिलं नाव तिचंच. टोळकं आमच्या दारी आलं की ती आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. बा अंगणात उभा राहून हसत राहायचा, कारण शिमग्यात रागवायचं नसतं. मला त्या टोळक्यापेक्षा बाच्या हसण्याचा जास्त राग यायचा. अजूनही येतो.

वर्षभर जिच्या हाताला सगळे टाळायचे तिच्या हाताची गाठ त्या एका दिवशी सगळ्यांना लागायची. कापडाचे दोन्ही पदर मागून पुढे आणून ती अशी काही अडकवायची की पावसाळा जाऊन कापड विरायचं, पण गाठ सुटायची नाही. तेवढ्यापुरती ती गावातली कोणीतरी असायची. एरवी चुलीपाशी वाकलेली असायची ती त्या दिवशी ताठ चालायची. मी सोळा वर्षांची होते आणि मला हे नीट दिसत होतं.

मग देश स्वतंत्र झाला. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सिंधमधून आलेली माणसं राहू लागली. डोंबिवलीत मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारी मंडळी बिऱ्हाडासाठी खोल्या शोधत फिरू लागली. आजवर ज्या जमिनीकडे कोणी ढुंकून पाहत नव्हतं तिच्याकडे लोक छत्रीची टोकं रोखून बघायला लागले. तळ्याभोवतीची जमीन कल्याणच्या एका जमीनदाराची होती. जमीन त्याची, तळं गावाचं, असं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं होतं. त्याने आता ठरवलं की तळंही आपलंच. ते बुजवायचं आणि वर चाळी बांधायच्या.

संक्रांतीच्या तोंडावर मुरूम भरलेल्या बैलगाड्या आल्या. गाडीवान घाटावरचे होते. पहिल्याने बांधापाशी बैल थांबवले, उतरला आणि दगडापाशी गेला. वरचे चंद्र-सूर्य त्याने निरखून पाहिले. मग फडकीचं टोक वर केलं आणि चटका बसावा तसं सोडून दिलं. त्यांच्याकडेही असे दगड असणार. तो परत गाडीवर चढला. "आमी न्हाई मुरूम टाकनार. आमची आई जिती हाय," म्हणाला आणि त्याने बैल वळवले. त्याच्या मागोमाग सगळ्या गाड्या भरल्या तशा परत गेल्या. त्या दिवशी गाव जे हसलं, तसं मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

हसू फार टिकलं नाही. चार दिवसांनी जमीनदाराचा कारभारी आला. काळी टोपी, तपकिरीचे डाग पडलेला सदरा आणि बोलणं असं की आपण सगळे त्याच्या वाटेतली गुरं. तो म्हणाला, "डोंबिवलीची सभ्य मंडळी इकडे फिरायला येतात. असला घाणेरडा दगड गावात ठेवता, शरम नाही वाटत? उचला आणि खाडीत टाका. नाहीतर मी पोलीस आणून टाकवतो." गंमत बघा. ज्याला तळं बुजवायला शरम वाटत नव्हती त्याला दगडाची शरम वाटत होती.

रात्रीची जेवणं व्हायच्या आधी पुरुष पारावर जमले. बायका खाली उभ्या होत्या. पोलिसांचं नाव निघालं की आमची माणसं ढिली पडायची, तशी ती पडली होती. तेवढ्यात बाला युक्ती सुचली.

"शेंदूर लावू," बा म्हणाला. "वरती डोले बसवू. देवी झाली की मंग कोन हात लावतंय ते बघू."

सगळ्यांचे चेहरे उजळले. युक्ती वाईट नव्हती, हे मला कबूल केलं पाहिजे. आमच्या मुलखातले निम्मे देव असेच झालेले आहेत.

आत्या बायकांमधून पुढे आली. पारासमोर बाईने बोलायचा रिवाज नव्हता. "दादा, ती देवी नाय. ती बाय हाय."

"बाय हाय म्हनून तर उचलून फेकतात. देवी झाली त ऱ्हाईल."

"देवी झाली त आमची नाय ऱ्हानार. तिला पुजारी येल, देऊल येल, कुलूप येल. मंग मना तिच्याजवल कोन जाव देल?"

बा खाली बघायला लागला. त्याला माहीत होतं ती काय म्हणते आहे. पण पाराच्या दुसऱ्या टोकावरून कोणीतरी बोललं, "एका टाकलेल्या बाईसाठी गावचं तलं घालवाचं काय?" आणि त्यावर कोणी काही म्हणालं नाही. माझा बासुद्धा नाही.

शेंदूर लागला. संक्रांतीनंतरच्या मंगळवारी पुरुषांनी फडकी कापून काढली आणि शेंदूर वाटीभर तेलात कालवून असा थापला की चंद्र-सूर्य गेले, अक्षरं गेली, गाढव गेलं आणि बाईही गेली. कल्याणच्या बाजारातून चांदीचे डोळे आणून चिकटवले. नारळ फुटले. आत्या हंडा घेऊन पाण्याला आली तेव्हा एका म्हाताऱ्याने तिला लांबून वळसा घालून जायला सांगितलं. कालपर्यंत जिच्या अंगावर ती स्वतःच्या हाताने कापड बांधत होती, तिच्या आज वाऱ्यालाही तिने उभं राहायचं नव्हतं.

कारभारी परत आला. शेंदूर पाहिला, वहाणा काढल्या, हात जोडले आणि आल्या वाटेने गेला. गाव खूश. आठवड्याने तो मालकाचा निरोप घेऊन आला. देवी उघड्यावर ठेवणं हे पाप आहे. मालक स्टेशनच्या रस्त्याला तिच्यासाठी देऊळ बांधून देणार. पुजारी मालकच नेमणार. होळीच्या आदल्या दिवशी नाहीतरी तुमच्या बायकांचं काहीतरी असतंच, तर त्याच दिवशी वाजतगाजत देवीला नेऊ.

आमचे पुरुष इतके हरखले की विचारू नका. देऊळ! बँड! मालक स्वतः येणार! दगड उचलायला आले असते तर लाठ्या निघाल्या असत्या. देवी न्यायला येणार म्हणून आंब्याच्या डहाळ्यांची तजवीज सुरू झाली.

त्या रात्री जेवताना आत्या बाला म्हणाली, "दादा, देवी गेली की दुसरे दिवशी मुरमाच्या गाड्या येतील. तिथं दगड नसंल. मंग त्यांना कोन अडवल?"

बाचा घास हातातच राहिला. त्याच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. त्याने घास परत ताटात ठेवला. मग म्हणाला, "आता सबूद दिलाय. देवीचे कामाला नाय बोललं त कोप होल."

मी तिथेच बसले होते. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. ज्याने स्वतःच्या हाताने तिला डोळे चिकटवले होते, तोच आता त्या डोळ्यांना भीत होता. आणि तो एकटा नव्हता, सगळा गाव भीत होता. थाप आम्हीच मारली आणि आम्हीच तिच्या पाया पडलो.

होळीच्या आदल्या दिवशी सकाळी आत्या टोपलीत घासलेटची बाटली, चुलीतली राख आणि नारळाचा काथ्या घेऊन निघाली. खांद्यावर नवी फडकी होती. मी पुस्तक मिटलं आणि तिच्यामागे गेले. तिने मला ये म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही.

बांधावर पोचल्यावर तिने आधी ते चांदीचे डोळे नखाने काढले आणि माझ्या हातात दिले. "दादाला दे. म्हनावं, बाजारात परत जातीत काय बघ." मग तिने काथ्या घासलेटात बुडवला आणि दगड घासायला सुरुवात केली. पाणी भरायला आलेल्या बायका हंडे घेऊन जागच्या जागी उभ्या राहिल्या. कोणी तोंडावर हात घेतला. कोणी पळत जाऊन माझ्या आईला बोलावून आणलं.

"वन्सं, काय करताव यो? कोप होल!" आई ओरडली.

आत्याने मान वर केली नाही. "होंदे. माजं आता काय जावाचं ऱ्हायलंय? घर गेलं, नवरा गेला. यी एक बाय होती, ती पन तुमी पलवली."

 माझी आई भित्री बाई. विजेलासुद्धा घाबरायची. तिने लुगडं खोचलं, खाली बसली आणि टोपलीतून राख घेतली. मग तिच्या शेजारची बसली. मग आणखी एक. मी तर कधीच हात घातला होता. शेंदूर सहजासहजी निघत नाही. आमचे हात कोपरापर्यंत लाल झाले, लुगडी लाल झाली, बांधावरून लाल ओघळ खाली गेले. आधी चंद्र-सूर्य वर आले, मग अक्षरं, आणि शेवटी ती. तिच्या चेहऱ्यावरचा शेंदूर आत्याने एकटीने काढला. हळू, बोटाने.

बँड ऐकू आला तेव्हा आम्ही दगडावर शेवटचं पाणी ओतत होतो.

पुढे बाजेवाले, त्यांच्यामागे आमचे पुरुष, बाच्या हातात गुलालाचं ताट. मग फुलांची कमान बांधलेली बैलगाडी, जिच्यात देवी बसणार होती. मग मालक, त्याची बायको ओटीचं तबक घेऊन, कारभारी आणि चार मजूर. सगळ्यात मागे एक टांगा. टांग्यात मालकाची आई, पांढऱ्या पातळातली विधवा म्हातारी. शुभ कामात पुढे यायचं नाही म्हणून तिला मागेच ठेवलेली. म्हणजे बघा, कल्याणच्या माडीवर राहूनसुद्धा तिची जागा माझ्या आत्याच्या जागेहून फारशी वेगळी नव्हती.

एकेक वाद्य थांबत गेलं. बासरीवाल्याने दगड सगळ्यात उशिरा पाहिला, त्यामुळे तो एकटाच थोडा वेळ वाजवत राहिला.

"कोणी केलं हे?" मालक म्हणाला.

"मी," आत्या म्हणाली.

कारभारी तिच्या अंगावर धावून आला. वेडी, टाकलेली, अवदसा, जे तोंडाला येईल ते बोलला. मग मजुरांकडे वळला. "बघता काय? उचला तो दगड!" मजूर दगडाजवळ गेले, खालची बाई पाहिली आणि मागे सरले. आता तिच्यावर शेंदूर नव्हता आणि कापडही नव्हतं. त्या चौघांनाही आया असतील.

"अगं, निदान झाक तरी ते!" कारभारी ओरडला. मालकाची बायको पदराआड झाली होती.

आत्याने खांद्यावरच्या फडकीवर हात ठेवला. "इतकी वरसां झाकली. तुमचे आयांची अब्रू म्हनून झाकली. आज नाय झाकाची. आज सगले बघा."

मग ती टांग्याकडे गेली. लाल हातांची, घासलेटचा वास येणारी माझी आत्या टांग्याच्या पायरीशी उभी राहिली आणि म्हणाली, "आये, खाली उतरा. तुमचं काम हाय."

"आईला यात आणू नका!" मालक ओरडला.

"आमी नाय आनली. तुमीच आनलीव."

म्हातारी विचारत होती, काय झालं, बँड का थांबला, मला कोणी काही सांगत का नाही. ती उतरली. तिला आधार हवा होता म्हणून मी खांदा पुढे केला. माझा हात तिच्या पांढऱ्या पातळाला लागून लाल डाग पडला आणि मी मागे सरायला गेले, पण तिने धरून ठेवलं. आम्ही दोघी चालत दगडापर्यंत गेलो. तिने वाकून पाहिलं. तिचा हात माझ्या खांद्यावर आवळला गेला.

"ही कोण?" तिने विचारलं.

 आत्या हळू आवाजात म्हणाली, "जो तलं बुजवल, त्याची आय."

म्हातारी सरळ झाली. तिने तळ्याकडे पाहिलं. हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका पाहिल्या, फुलांची गाडी पाहिली आणि मग मुलाकडे पाहिलं.

"तू हे तळं बुजवणार आहेस?"

"आई, तू टांग्यात जाऊन बस. या अडाणी लोकांच्या नादी..."

"मी विचारलं त्याचं उत्तर दे."

 एवढा मोठा जमीनदार, पण आईच्या तोंडावर त्याला हो म्हणवेना. म्हातारीने आत्यापुढे हात केला. "ते कापड द्या."

ती खाली बसली. पांढरं पातळ चिखलात गेलं, त्याची तिला पर्वा नव्हती. तिने फडकी दगडाभोवती घेतली, पण पदर पुरेना, सरकायला लागले. "बांधायचं कसं?" तिने विचारलं. आत्या तिच्याशेजारी बसली. "तुमी धरा, गाठ मी मारतंय." म्हातारी म्हणाली, "नको. मला दाखवा, मी मारते." आणि आत्याने आपले लाल हात तिच्या हातांवर ठेवून तिला ती गाठ शिकवली. एकीला हळदीत जागा नव्हती, दुसरीला ओटीत. ओटीचं तबक घेऊन उभी असलेली सवाष्ण बाजूला राहिली.

उठल्यावर म्हातारीने मुलाकडे न बघता सांगितलं, "गाड्या वळवायला सांग."

फुलांची गाडी रिकामी परत गेली. मुरमाच्या गाड्या पुन्हा आल्या नाहीत. पुढे जमिनी विकल्या गेल्या, चाळी झाल्या, चाळींच्या इमारती झाल्या, बांध काँक्रीटचा झाला. तळ्याचे लचके तुटले, पण तळं कोणी बुजवलं नाही. त्या पाटीवर यातलं काही लिहिलेलं नाही. पाटीवर राजा आहे, शतक आहे. एकाही बाईचा उल्लेख नाही.

दुसऱ्या दिवशी होळी पेटली आणि तिसऱ्या दिवशी सकाळी ढोल घेऊन टोळकं निघालं. आमच्या आळीत ते शिरलं तसं नेहमीप्रमाणे मी आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं आणि खोली रिकामी होती. आत्या पुढच्या दाराच्या उंबरठ्यावर उभी होती, दोन्ही हात चौकटीला टेकून. शेंदूर अजून गेला नव्हता. हात कोपरापर्यंत लालच होते.

टोळकं अंगणात आलं. पारावर एका टाकलेल्या बाईबद्दल जो बोलला होता तोच सगळ्यांच्या पुढे होता. बा ओटीवर उभा होता. तो हसत नव्हता.

"आलाव?" आत्या म्हणाली. "मारा बोंब. माजं नाव ठाव हाय ना?"

ढोल थांबला. पुढच्याने तोंडाशी नेलेला हात तसाच खाली घेतला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"मारा की. मी आयकतंय."

 मागच्या मागे एकेक जण सरकला आणि टोळकं शेजारच्या दाराकडे निघून गेलं. आत्या दारातच उभी राहिली, ढोल पार आळीच्या टोकाला जाईपर्यंत. मग ती आत येऊन चुलीपाशी बसली, पण तिने दार लावलं नाही. ते दिवसभर उघडंच होतं.